डॅशबोर्डमागचे सूत

एकोणीसशे तिसानंतरच्या पहिल्या काही वर्षांतला एक ज्येष्ठ महिना. पाऊस लागून आठवडा झाला होता. रत्नागिरीत मांडवीकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, दुपारच्या वेळी, वकील आबासाहेबांच्या दोन बैठकांच्या मोटारीतून, बरोबर डॅशबोर्डमागून, धूर निघाला. गाडीत आबासाहेब आणि माझा मामा सदानंद असे दोघे होते. मामाने खाली उडी टाकली आणि बॅटरीची तार उपटली, तेव्हा धूर थांबला. कोणाला भाजले नाही. त्या डॅशबोर्डच्या तारा वैशाखात मामानेच दुरुस्त केल्या होत्या, आणि तारांवरचे सूत मामीने आणि मी गुंडाळले होते.

धूर मी पाहिला नाही, मी शाळेत होते. वर लिहिले ते मामाने त्या संध्याकाळी सांगितले. आबासाहेबांनीही ते पुढे दोन-तीनदा सांगितले, थोड्या वेगळ्या शब्दांत पण त्याच क्रमाने, म्हणून मी ते खरे धरते. आयुष्याची बरीच वर्षे वृत्तपत्राच्या कचेरीत गेल्यामुळे पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे ठेवायची सवय लागली. इथेही तसेच केले आहे.

मी मूळची संगमेश्वराकडची. आमच्या खेड्यात इंग्रजी शाळा नव्हती. वडील मुंबईला गिरणीत होते. मुलीने शिकावे असे त्यांनी एकदा पत्राने कळवले आणि आईला ते मोडता आले नाही. म्हणून मी मांडवीला मामाच्या घरी राहत होते. मामाचे घर म्हणायचे, पण ते चालवत होती मामी, कारण मामा जहाजावर असे. घर चिऱ्याचे, दोन खोल्यांचे, मागे चूल आणि पुढे पडवी. पावसाआधी पडवीला झावळ्यांची झडप बांधली की घरात दिवसाही चाचपडावे लागे. समुद्र घरातून दिसत नसे, पण भरती की ओहोटी हे अंथरुणातून आवाजावर कळे. मुंबईची बोट बाहेर खोल पाण्यात थांबून भोंगा देई, आणि मग पडाववाल्यांच्या हाका आणि वल्ह्यांचे आवाज ऐकू येत. बोटीवरची माणसे आणि सामान पडावातून धक्क्यावर येई. भोंगा झाला की मामी हातातले काम थांबवी, पुन्हा सुरू करी. मामा येणार नाही हे ठाऊक असलेल्या दिवशीही थांबवी.

सकाळी उकड्या तांदळाची पेज आणि तिच्याबरोबर भाजलेल्या सुकटाची चटणी. दुपारी भात आणि कुळथाची पिठी, मिळाला तर बांगडा. पावसाळ्यात मासळी बंद झाली की फणसाच्या आठळ्या, वालाची आमटी आणि पुन्हा सुकट. सुकट, म्हणजे वाळवलेला जवळा, चुलीच्या वर बांबूच्या माळ्यावर असे. धुराने तो ओल धरत नसे. आमच्या कपड्यांना, माझ्या वह्यांना, मामीच्या केसांना तो वास असे. शाळेत माझ्या वर्गात मुली मोजक्या होत्या आणि त्यांतल्या एकीने जागा बदलून मागितली होती. मी हे मामीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "तिला सांग, वास फुकट हाय, सुकट नाय." मी तिला तसे काही सांगितले नाही.

मामा जहाजावर वायरमन होता. एकदा एडनच्या पलीकडे कुठेतरी जळत्या तारेने त्याच्या उजव्या हाताची दोन बोटे भाजली आणि ती नंतर वाकेनाशी झाली. पकड धरता येई, पण दोरा ओवता येत नसे. लग्नाला बरीच वर्षे झाली होती. मामीच्या हिशेबी मामाचे सगळे मुक्काम एकाला एक जोडले तरी फार तर वर्षभराचे व्हावेत. त्यांना एक मुलगी झाली होती. ती गेली तेव्हा मामा कोलंबोला होता. याबद्दल दोघे माझ्यासमोर कधी बोलली नाहीत. मला ते शेजारच्या बाईकडून कळले.

त्या वर्षी मामा चैत्रात आला आणि आल्या आल्या त्याला बातमी लागली की रत्नागिरीत वीज यायची आहे. एका कंपनीला परवाना मिळाला होता, तिचे गावातले कायद्याचे काम आबासाहेब बघत, आणि कंपनीला वायरमन लागणार होता. मामाने ते जेवताना सांगितले, दुसरी कसली तरी गोष्ट सांगता सांगता. मामीने भात वाढायचा हात थांबवला नाही. पण दुसऱ्या दिवशी ती आबासाहेबांच्या घरी कोकमे घालायला गेली ती नेहमीपेक्षा उशिरा आली, आणि तिसऱ्या दिवशी आबासाहेबांचा मामाला निरोप आला, गाडी बघून जा.

आबासाहेबांची गाडी एका बदलून गेलेल्या गोऱ्या अंमलदाराची होती. लांब नाक, उघडे छत, दोनच माणसांची जागा. धावण्यासाठी केलेली गाडी, पण आमच्याकडच्या रस्त्यांवर तिला धावायला मिळत नसे. डॅशबोर्ड लाकडी होता. त्यात वेगाचा काटा, तेलाचा काटा, बॅटरीत वीज जाते की येते ते दाखवणारा काटा आणि एक घड्याळ, आणि प्रत्येकावर टोपणाएवढ्या आडोशाखाली एक बारीक दिवा. एकही लागत नव्हता. आबासाहेबांना लांज्याला, देवरुखला कोर्टाच्या कामाने जावे लागे आणि परतताना अंधार होई. आदल्या वर्षी तेल संपत आल्याचे त्यांना दिसले नाही आणि इंजिन जाम झाले. म्हणून दिवे हवे होते, शोभेसाठी नव्हे. गाडी टांग्याच्या जुन्या पागेत असे. मे महिन्याच्या सुट्टीत मामा घरी होता म्हणून मी गावी गेले नव्हते, त्यामुळे पुढचे बरेच मी स्वतः पाहिले.

मामा पाठीवर पडून डॅशबोर्डखाली शिरला. त्याचे पाय बैठकीवरून बाहेर आले. मामी भाकरी घेऊन आली तेव्हा पायच तेवढे दिसत होते.

"गाडीनं गिळलान की काय ह्यांना?" मामी मला म्हणाली.

"गिळलान नाय, चावतेय," मामा आतून म्हणाला. "आबासाहेब, तांबं शाबूत हाय. कपडे फाटलेत, मानूस धड हाय."

"मग कपडे शिव," आबासाहेब म्हणाले.

कपडे म्हणजे तारांवरचे रबर आणि रबरावरची सुताची वीण. खाऱ्या हवेने रबर बिस्किटासारखे झाले होते. बोट लावले की गळून पडे आणि आतली तार उघडी होई. मोटारीत वीज दिव्याकडे तारेने जाते आणि गाडीच्या लोखंडातून परत येते. उघडी तार लोखंडाला टेकली की वीज दिव्यापर्यंत न जाता तिथूनच परतते. एवढे मामाने मला समजावले आणि ते मला शाळेतल्या कुठल्याही पाठापेक्षा जास्त दिवस लक्षात राहिले. नव्या तारेसाठी आबासाहेबांनी मुंबईला लिहिले होते. इतकी बारीक तार विलायतेहून मागवावी लागेल असे दुकानाने कळवले. मोटारवाल्यांकडची काळी चिकटपट्टी मामाने लावून पाहिली, पण तिने तारा जाड झाल्या आणि इंजिन आणि बैठक यांमधल्या पोलादी पडद्यातल्या पितळी भोकातून जाईनात. दुपारच्या उन्हात तिचा डिंकही पाघळला. तारा जहाजावर कधी कधी सुताने बांधतात, तसे करू, असे मामाने ठरवले. सूत घट्ट पिळाचे, बारीक आणि पाण्याला दाद न देणारे हवे होते.

असे सूत मामीच्या माहेरी होते. तिचा भाऊ मिरकरवाड्याला मासेमारी करी. जाळ्याचे सूत ऐनाच्या सालीच्या काढ्यात मुरवतात, त्याने ते तपकिरी होते आणि कुजत नाही. भावाने नवे सूत दिले नाही. चांगले वापरलेले, जुन्या जाळ्यातून सोडवलेले दिले आणि तेच कसे बरे याचे कारण पण दिले.

"नवं सूत पोरासारखं, आवरत नाय. आज ताणलं, उद्या ढिलं. ह्ये दर्या बघून आलेलं हाय, आता हालायचं नाय."

मामाला ते पटले. मामीला तर लहानपणापासून पटलेले होते. आम्ही तिघे पडवीत बसलो. मामा तार ताणून धरी, मामी आणि मी सूत गुंडाळत जात असू, वेढ्याला वेढा लागून. दोन्ही हात तारेवर असल्यामुळे सुताचे टोक दातांत धरावे लागे, मामालाही. एका तारेला, घड्याळावरच्या दिव्याच्या तारेला, शेवटी सूत कमी पडले. तिथे मामीने गोधडीचा दोरा वापरला. मामाने तारा परत बसवल्या, पागेचे दार लोटून घेतले आणि स्विच दाबला. चारही दिवे लागले. पिवळसर, लहान. आबासाहेब आत बसले होते, ते बराच वेळ उतरले नाहीत. उतरल्यावर म्हणाले, "कंपनीचे इंजिनिअर पावसाळ्यानंतर येतील. त्यांना तुझं नाव सांगतो." मामाने मान हलवली आणि हत्यारे पिशवीत भरली. घरी येताना त्याने बाजारातून मामीसाठी अबोलीची वेणी घेतली. मी हे लिहिते कारण त्याने असे काही केलेले मी त्याआधी पाहिले नव्हते.

मग पाऊस आला. पहिल्या दिवसांतच दिवे मंद झाले. गाडी उभी असतानाही बॅटरी उतरू लागली. मामाने बॅटरीला दोष दिला, मग डायनॅमोला. शेवटी चालत्या गाडीत बघू म्हणून तो आबासाहेबांबरोबर निघाला आणि मांडवीच्या उतारावर धूर झाला.

त्या संध्याकाळी आबासाहेब छत्री घेऊन स्वतः आमच्या पडवीपर्यंत आले. मामीने पाट मांडला, ते बसले नाहीत. आवाज चढवणारे ते गृहस्थ नव्हते.

"सदू, नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या बोटीनं इंजिनिअर येतायत. त्यांना मी काय सांगू? गावाला वीज द्यायला माणूस बघून ठेवलाय, त्यानं आधी माझी गाडी पेटवलीन, असं सांगू?"

"नको सांगू," मामा म्हणाला. मग चुकले हे लक्षात येऊन, "नका सांगू."

"तोवर नीट झाली तर सांगणार नाही."

ते गेल्यावर मामी पाट उचलून आत गेली. पावसाळ्यात बोटी बंद असतात, नारळी पौर्णिमेनंतर सुरू होतात. इंजिनिअर ज्या बोटीने येणार त्याच बोटीने, काम नसले, तर मामा परत मुंबईला आणि तिथून जहाजावर जाणार होता. जहाजाचे दाखले ठेवायची त्याची पत्र्याची नळी आढ्याला टांगलेली असे. मामीने ती त्या आठवड्यात दोनदा पुसली. गंज लागू नये म्हणून पुसतेय, असे म्हणाली.

तारा काढून आम्ही पडवीत पसरल्या. सूत सोडवले तेव्हा तांबे जागोजागी हिरवे झालेले होते आणि दोन ठिकाणी इतके खाल्ले गेले होते की तारेचे चार-दोन तंतूच उरले होते. तिथेच ती तापून पेटली होती. मामाने तारा ओळीने लावल्या. मग घड्याळाच्या दिव्याची तार वेगळी काढली. तिचा बराचसा भाग हिरवा होता, पण शेवटचा वीतभर भाग, गोधडीच्या दोऱ्याखालचा, नुकता घासल्यासारखा लाल होता.

"तार तीच," मामा म्हणाला. "पाणी तेच. वीज तीच."

मामी सुताची एक घट्ट गाठ सोडवत होती. नखाने सुटेना म्हणून तिने ती दातांत धरली, ओढली, आणि धरल्या धरल्या थांबली. मग सूत तोंडातून काढून त्याकडे बघितले.

"खारट हाय," ती म्हणाली.

मामाने तिच्या हातातून सूत घेऊन जिभेला लावले. मग मीही लावले. चांगलेच खारट होते. वर्षानुवर्षे समुद्रात बुडून त्याच्या पिळात मीठ मुरले होते. उन्हाळ्यात ते कोरडे होते तोवर काही झाले नाही. हवेत ओल येताच मिठाने पाणी ओढले, ओल्या मिठातून वीज झिरपू लागली आणि तिने तांबे खाल्ले. पुढे मुंबईला एका विजेच्या अभियंत्याला मी हे विचारले. त्याने हेच, जास्त अवघड शब्दांत, सांगितले.

"अगो, गुंडाळताना नाय लागलं तुला?" मामाने विचारले.

"तोंडाला आमच्या सदाच खारट," मामी म्हणाली. "वारा खारट, मासळी खारट. त्यात येगळं काय लागायचं?" मग म्हणाली, "तुमी पण धरलंवत की दातात. बायनं पण धरलंन."

ते खरे होते. तिघांनीही महिनाभरापूर्वी ते सूत तासन्‌तास दातांत धरले होते आणि तिघांपैकी कोणालाही त्याची चव लागली नव्हती. संगमेश्वराकडून आलेली मी, मलाही नाही. मामा हसला. मामी हसली नाही. सूत तिच्या माहेरचे होते. ती उठून मागच्या दारी गेली आणि नारळाच्या बुंध्याशी भांडी घासत राहिली. भांडी आधीच घासलेली होती. मामा मला म्हणाला, "जा बाय, सांग तिला, जळलं त्ये सूत, आता पुढचं बघू." मी जाऊन सांगितले. ती म्हणाली, "त्यांना सांगायला काय झालं?" मी परत येऊन तसे सांगितले. मग मामा उठून गेला. ती दोघे काय बोलली ते मला ऐकू आले नाही. पाऊस मोठा होता.

आंबा घाट दरडीने बंद होता, बोटी बंद होत्या, बाहेरून काही येणार नव्हते. समुद्र न पाहिलेले, बारीक आणि पुरेसे सूत गावात कोणाकडे, याचे उत्तर मामीने काढले. आबासाहेबांच्या पत्नी सुमतीबाई रोज दुपारी टकळीवर सूत कातत. त्या काळी अनेक घरांत कातत. आबासाहेब मात्र कोर्टात काळा कोट आणि विलायती कापडाचा सदरा घालून जात. मामी मला बरोबर घेऊन गेली आणि तिने पडवीच्या पायरीखालूनच सूत मागितले.

सुमतीबाईंनी ऐकून घेतले आणि आतून सुताच्या गुंड्यांची परडी आणली.

"घे सगळं. ह्यांच्या अंगावर काही चढत नाही, गाडीच्या अंगावर तरी चढू दे."

आबासाहेब आत कागद वाचत होते. ते म्हणाले, "गाडी काय, बोलता येत नाही तिला."

"म्हणून तर ती शहाणी," सुमतीबाई म्हणाल्या.

हातकताईचे सूत एकसारखे नव्हते, पण स्वच्छ होते. मामीने ते तरी गोड्या पाण्यात तीन वेळा उकळले. प्रत्येक वेळी पाणी चाखून पाहिले आणि मलाही चाखायला लावले. पाण्याला ओल्या कापसाखेरीज कसलीच चव नव्हती, तरी तिची खात्री होईना. मग चंद्रूस आला. होडीच्या फळ्यांना लावायची ही राळ तेलात कढवली की चकचकीत लुकण होते. मामीच्या भावाने ते कसे कढवायचे ते येऊन दाखवले. सुताबद्दल त्याला कोणी काही बोलले नाही, पण त्याला कळले असावे, कारण त्याने जाताना मूठभर सोडे, म्हणजे सुकी कोलंबी, ठेवले आणि चहा न घेता गेला. चंद्रूस आमच्या चुलीवर कढला, त्या दिवशी भात पडवीतल्या शेगडीवर झाला आणि त्यालाही राळेचा वास लागला. मामाने तारांचे खाल्लेले भाग कापून टोके जोडली आणि तांबे घासले. तारांवर पुन्हा वेढ्याला वेढा लावून सूत चढवले, त्यावर लुकण दिले. ते वाळायला ऊन हवे होते. ऊन नव्हते. घरात कोरडी जागा एकच होती, चुलीवरचा माळा. मामीने सुकटाची टोपली एका बाजूला सारली आणि तारा तिच्याशेजारी मांडल्या. श्रावण लागेपर्यंत त्या तिथे होत्या.

तारा परत बसवल्या त्या दिवशी दुपारी आभाळ इतके भरून आले होते की पागेत दार न लोटताही अंधार होता. आबासाहेब आत बसले, स्विच दाबला, चारही दिवे लागले. काट्यांवर पिवळा उजेड पडला. आबासाहेब काही बोलणार होते, पण त्यांनी नाक वर केले.

"सदू, गाडीत काय शिजवलंस?"

"तारा सुकवल्या साहेब. सुकटाशेजारी."

आबासाहेबांच्या घरात मासळी कधी आली नव्हती.

"हा वास कधी जाईल?"

"गाडी इकलीत की," मामा म्हणाला.

आबासाहेबांनी इंजिन सुरू केले. त्या पंधरवड्यात ते पावसात दोनदा लांज्याला आणि एकदा देवरुखला जाऊन आले. बॅटरी उतरली नाही. परतल्यावर दर वेळी मामा डॅशबोर्डखाली जाऊन दोन वेढे सोडून तांबे बघे. ते लाल होते. गाडी पुढे काही वर्षांनी कोल्हापूरच्या कोणी घेतली असे ऐकले. त्याची खात्री मला करता आली नाही.

नारळी पौर्णिमा झाली. पहिल्या बोटीने कंपनीचे इंजिनिअर आले, उंच, बोलायला मऊ, पावसाने त्रासलेले. आबासाहेबांनी त्यांना गाडीतून फिरवले आणि मामाचे नाव सांगितले. धुराचे सांगितले की नाही ते कळले नाही. इंजिनिअरांनी मामाला कचेरीत बोलावले. मामाने घरी येऊन सांगितले ते असे. काम त्याला द्यायला हरकत नाही. पण जहाजावरचा दाखला जमिनीवर चालत नाही, सरकारी वायरमनचा परवाना लागतो, त्याची परीक्षा मुंबईला असते आणि ती पुढच्याच महिन्यात आहे. परवाना आणला तर जागा त्याची. नाही आणला तर दुसऱ्याची.

मामी तांदूळ निवडत होती. "परीक्षा घेतात तिथनं गोदी किती लांब?" तिने विचारले.

"चालत जाण्याजोगी."

मामीने सूप खाली ठेवले. "मग मी येतंय."

"तू?" मामा म्हणाला. "कशाला?"

"मुंबय बघायला."

मामीच्या माहेरी बाया होडीत चढत नसत. होडी पुरुषांची, किनारा बायांचा. मुंबईच्या बोटीवरही ती कधी चढली नव्हती. धक्क्यावर मात्र इतक्यांदा गेली होती की पडाववाले तिला नावाने ओळखत.

"बोट लागेल तुला," मामा म्हणाला.

"लागली तर लागली."

रात्री अंथरुणे घालताना तिने मला खरे कारण सांगितले. माझ्याशी ती इतके सरळ त्याआधी बोलली नव्हती. "पास झाले तर माझ्यासंगं येतील. नापास झाले तर तिथनंच जहाज धरतील. मोकळ्या हातानं घरला येणारा मानूस नव्हे तो. मी असले की निदान माझ्या तोंडावर सांगावं लागेल." मग माझी गोधडी पसरत म्हणाली, "तू मिरकरवाड्याला माझ्या भावजयीकडं ऱ्हा. शाळा बुडवू नकोस."

ती दोघे पुढच्या बोटीने गेली. मी धक्क्यावर होते. पडाव लाटेवर चढला तेव्हा मामीने एका हाताने फळी धरली होती आणि दुसऱ्या हाताने मामाचा सदरा. पडाववाल्याने तिला काहीतरी विचारले. ती काय म्हणाली ते ऐकू आले नाही, पण पडावातली माणसे हसली. बोटीने भोंगा दिला आणि ती निघाली.

त्यानंतर महिनाभर त्यांची काही खबर नव्हती. मामीला लिहिता येत नव्हते आणि मामा लिहीत नसे. मी मिरकरवाड्याहून शाळेत जात होते. तिथल्या घरातही सुकट माळ्यावर होता. परीक्षा कधी झाली, निकाल कधी लागतो, हे सांगणारे कोणी नव्हते. आबासाहेबांना एकदा रस्त्यात विचारले. ते म्हणाले, कळले की सांगतो. बोट आली की मामीचा भाऊ धक्क्यावर जाई आणि परत आला की जाळ्याला बसे. त्याला कोणी विचारत नसे.

आश्विनात एका सकाळी बोट लागली तेव्हा शाळेला सुट्टी होती, म्हणून मीही गेले. समुद्र शांत होता. पहिल्या पडावात ती नव्हती. दुसरा पडाव धक्क्याला लागला, त्यातून आधी वळकटी वर आली, मग मामी, आणि तिच्यामागून मामा. सोमवारी तो कंपनीच्या कामावर रुजू झाला.